दोन वितींचे कट्टे

"चालून दाखवा," म्वाकिओ म्हणाला.

"नाही दाखवणार," बी म्वानाकोंबो म्हणाली.

किलिंदिनी बंदराच्या यार्डातलं ते ऑफिस म्हणजे पत्र्याचा एक डबा. त्यात एक टेबल, एक पंखा आणि टेबलामागे म्वाकिओ. मोंबासाला प्रवासी बोट लागते त्या दिवशी उतरणाऱ्या पाहुण्यांना गाठायचं तर वाटाड्यांना या यार्डात उभं राहावं लागतं, आणि यार्डात शिरायला गळ्यात बिल्ला लागतो. यार्डाचं कंत्राट त्या वर्षी नव्या कंपनीने घेतलं आणि नवी कंपनी आली ती नवे नियम घेऊनच आली. त्यातला सातवा नियम असा, की नवा बिल्ला हवा तर वाटाड्याने एक किलोमीटर बारा मिनिटांत चालून दाखवावं.

'बी' म्हणजे बाई; या बी म्वानाकोंबोचं वय सहासष्ट. आठ वर्षांपूर्वी मटाटूतून उतरताना ड्रायव्हरने गाडी पुढे काढली, ती पडली आणि कमरेचं हाड मोडलं. जुळलं, पण वाकडंच जुळलं. तेव्हापासून तिचा डावा पाय उजव्याच्या मागून, आपल्या सवडीने येतो.

"राग मानू नका, बी," म्वाकिओ म्हणाला. तो ताइताच्या डोंगरातला, तिशी ओलांडलेला, सरळ माणूस. "नियम मी केलेला नाही. पण वाटाड्याला चालता तर आलं पाहिजे ना?"

"कशाला?"

"कशाला म्हणजे? पाहुणे चालणार. त्यांच्यापुढे कुणीतरी..."

"माझे पाहुणे चालत नाहीत. कुणाचा गुडघा गेलाय, कुणाचा खुबा. कुणाला दहा पावलांत धाप लागते. त्यांना पुढे धावणारा वाटाड्या कशाला हवा? तो पुढे जाणार आणि हे मागे उन्हात उभे."

"मग त्यांनी बोटीतच बसावं की," म्वाकिओ बोलून गेला.

बी म्वानाकोंबोने काठी टेबलावर आडवी ठेवली, त्याच्या कागदांवर.

"तुला आजी आहे?"

"होती. गावाला."

"शेवटची वर्षं चालायची?"

"नाही. काठीनेच. दारापर्यंत."

"मग तिला दाराला कडी घालून आत ठेवली होती का रे?"

म्वाकिओने काठीखालचा एक कागद ओढून पाहिला, निघेना.

"शनिवारी बोट आहे," ती म्हणाली. "माझ्याबरोबर चल. एक पाहुणा मी घेते, तू नुसता बघ. वेळेत परत आणला नाही, की त्याला काही झालं, की तो रडवेला होऊन आला, तर माझा बिल्ला तुझ्या खिशात. पण मी तुझ्या यार्डाला घोड्यासारख्या फेऱ्या मारणार नाही."

म्वाकिओने मान हलवली. त्याला कागद मोकळे करून हवे होते.

*

बी म्वानाकोंबो जुन्या गावातलीच. बाप जुन्या बंदरावर गलबतांची शिडं शिवायचा. नवरा गलबतावरच होता. एका वर्षी गलबत परत आलं नाही. मग तिने बावीस वर्षं एका बोटींच्या एजंटाच्या ऑफिसात झाडू मारला, आणि झाडता झाडता इंग्रजी उचललं. हाड मोडल्यावर ती नोकरी गेली. मालिंदीहून लेकीचे फोन सुरू झाले, "आई, आता इकडे ये आणि स्वस्थ बसून राहा." म्वानाकोंबो म्हणाली, "बसायचंच असेल तर माझ्या गावात बसते. तुझ्याकडे बसून कुणाची तोंडं बघू?"

पुढच्या वर्षी एक दिवस ती किल्ल्यासमोरून चालली होती. दारापाशी फूटपाथच्या कडेवर एक गोरा म्हातारा बसला होता, लालबुंद झालेला, बूट काढून ठेवलेले. त्याच्या बसमधली मंडळी आत किल्ला बघायला गेली होती आणि त्याला "इथेच थांबा" म्हणून सांगून गेली होती. लंगड्याची ओळख लंगड्याला पटकन पटते. म्वानाकोंबोने त्याला उठवलं आणि चाळीस पावलांवरच्या मालिम बादींच्या कट्ट्यावर नेऊन बसवलं.

जुन्या गावात प्रत्येक दाराबाहेर दगडी कट्टा असतो. घर कुणाचंही असो, कट्टा येणाऱ्या-जाणाऱ्याचा. तिथे बसलेल्याला "का बसलास" असं कुणी विचारत नाही. जाणारा थांबून चौकशी केल्याशिवाय जात नाही. तो म्हातारा दोन तास बसला. कॉफीवाल्याकडून बिनसाखरेची कॉफी प्यायला, वर खोबऱ्याची वडी खाल्ली. समोरच्या घरात लग्नाचं कपाट आत नेत होते आणि ते दारातून जाईना. सहा माणसं सहा सल्ले देत होती. म्हाताऱ्याने सातवा दिला आणि कपाट आत गेलं. बस परत आली तेव्हा तो उठायला तयार नव्हता.

तिथून हे काम सुरू झालं. म्वानाकोंबोने गाव नव्याने मोजून काढलं. चाळीस पावलांपेक्षा लांब टप्पा नाही. कट्टा दोन वितींपेक्षा खाली नाही, कारण खालच्या कट्ट्यावर म्हातारं माणूस बसतं खरं, पण उठताना ते विहिरीत पडल्यासारखं वर बघत राहतं. शेजारी धरायला दाराची चौकट हवी. गल्लीची कुठली बाजू किती वाजेपर्यंत सावलीत असते, हे तिला पाठ होतं. आणि कुणाच्या घरी खुर्चीसारखा बसायचा संडास आहे, हेही. "किल्ला चारशे वर्षं उभा आहे, आणखी राहील," ती म्हणायची. "सत्तरीच्या माणसाला आधी संडास कुठे आहे ते सांगा, मग इतिहास सांगा."

यार्डातले तरणे वाटाडे तिला "बसकी सहल" म्हणून चिडवत. ती म्हणे, "चिडवा. तुमचे पाहुणे संध्याकाळी फोटो बघून आठवतात, आपण कुठे गेलो होतो ते. माझे भेटलेल्या माणसांची नावं सांगतात."

*

बातमी गावात पोचायला एक दिवस पुरला. बी साउमू पुढच्या गल्लीतली, बायकांच्या मंडळाची प्रमुख. ती संध्याकाळी दारात येऊन उभी राहिली.

"शनिवारी साहेब येतोय म्हणे तुझी परीक्षा घ्यायला."

"माझी कसली परीक्षा? त्यालाच आणतेय दाखवायला."

"आम्ही काय करायचं?"

"काही करायचं नाही. रोज करता तेच करा. साउमू, ऐकतेस ना? काही म्हणजे काही नाही."

"बरं बाई," बी साउमू म्हणाली. तिच्या 'बरं'चा अर्थ म्वानाकोंबोला चाळीस वर्षांच्या शेजारात कळायला हवा होता. पण त्या दिवशी तिची कंबर दुखत होती.

*

शनिवारी बोटीतून मिसेस पेट्री उतरल्या. स्कॉटलंडच्या, वय चौऱ्याऐंशी, सगळा जन्म एका शाळेच्या स्वयंपाकघरात गेलेला. चालताना आधाराला घ्यायची चार चाकांची, ब्रेकची फिरती चौकट ढकलत त्या यार्डात आल्या. लेक आणि जावई पहाटेच हत्ती बघायला गेले होते.

"मला म्हणाली, आई, तू बोटीवर चित्राचे तुकडे जुळवत बस," त्यांनी सांगितलं. "मी म्हटलं हो. ती गेली आणि मी टोपी घातली."

"तिला माहीत नाही?"

"कळेल की. मी काय मेलेली नाही."

म्वानाकोंबोने म्वाकिओकडे पाहिलं. तो फॉर्म लावलेली पाटी छातीशी धरून उभा होता.

शेबवानाची रिक्षा ठरलेलीच. त्याने पायरीखाली लाकडी ठोकळा ठेवला, पाठ केली आणि खांदा दिला. पन्नाशीचा माणूस, पण हात धरून कुणाला ओढत नाही. खांदा देतो, धरायचं ते पाहुण्याने. मिसेस पेट्री चढल्या, म्वानाकोंबो चढली, चौकट घडी करून मागे टाकली. म्वाकिओ पुढे शेबवानाच्या अर्ध्या सीटवर तिरका बसला.

किल्ल्यापाशी रिक्षा हळू झाली.

"हा किल्ला," म्वानाकोंबो म्हणाली. "पोर्तुगीजांचा. झाला बघून."

"आत नाही न्यायचं?" म्वाकिओने मान वळवून विचारलं.

"आत गेलं की भिंतीच दिसतात. किल्ला बाहेरून दिसतो."

मिसेस पेट्री हसल्या. म्वाकिओने फॉर्मवर 'दाखवलेली ठिकाणं' या रकान्यापुढे 'किल्ला' लिहिलं आणि पुढे कंसात 'बाहेरून'.

रिक्षातून उतरल्यावर पहिला कट्टा शिंप्याचा, सव्वीस पावलांवर. तो कांझूच्या, म्हणजे पुरुषांच्या लांब झग्याच्या, गळ्यावर भरतकाम करत होता. मिसेस पेट्रींनी चष्मा बदलून टाके बघितले आणि एक टाका चुकलाय असं दाखवलं. शिंप्याने बघितलं, तो खरंच चुकला होता. त्याने तो उसवला. इथे पाऊण तास गेला आणि म्वाकिओने तीनदा घड्याळ पाहिलं.

"आता पुढे काय बघायचं?" त्याने विचारलं.

"अजून हे बघून झालं नाही," म्वानाकोंबो म्हणाली.

दुसरा कट्टा मालिम बादींचा, अडतीस पावलांवर. मालिम, म्हणजे गुरुजी, एकोणऐंशीचे. अर्ध्या गावाला त्यांनी कुराण वाचायला शिकवलेलं, आणि उरलेल्या अर्ध्याला छडी दाखवलेली. त्यांच्याकडून माहामरी हे तळलेले गोड पाव आणि नारळाच्या दुधातली तूर आली. मिसेस पेट्रींनी बोट चाटून त्यात काय काय आहे ते ओळखलं. एक जिन्नस ओळखता आला नाही, म्हणून त्या बेचैन झाल्या. शेवटी मालिमांच्या सुनेने वेलदोडा आणून हातावर ठेवला.

म्वाकिओ उभाच होता. मालिमांनी त्याच्याकडे चष्म्यावरून पाहिलं.

"तुमच्या डोंगरात म्हाताऱ्याला नमस्कार करत नाहीत वाटतं."

म्वाकिओचा चेहरा उतरला. "शिकामो, मालिम."

"मराहाबा. खा आता. पाटी खाली ठेव, ती काही तूर खाणार नाही."

निघताना मालिम मिशीत हसले. "पुढे जा, म्वानाकोंबो. आज गल्ली बघण्यासारखी आहे."

तेव्हाच तिच्या मनात पाल चुकचुकली.

*

पुढचा टप्पा चौतीस पावलांचा होता. बत्तीस पावलांवर वळण, आणि वळणानंतर बी साउमूची गल्ली. मिसेस पेट्री थकल्या होत्या. बोटांची पेरं चौकटीवर पांढरी झाली होती. पण अजून दोन पावलं, की बसायचं, हे म्वानाकोंबोने आधीच सांगून ठेवलं होतं. त्या हिशेबाने त्यांनी आपला दम वापरला होता.

वळण घेतलं आणि म्वानाकोंबो थांबली.

गल्ली लखलखत होती. दोन्ही बाजूंचे झाडून सगळे कट्टे चुन्याने पांढरेशुभ्र रंगवलेले, पहाटेचेच. चुना अजून ओला होता, खाली फरशीवर थेंब ओघळले होते. आणि कट्ट्यांवर कोणीच नव्हतं. भाजी निवडणाऱ्या बायका नाहीत, सोंगट्या खेळणारे नाहीत, कॉफीवाला नाही. रंगाला कुणाचा हात लागू नये म्हणून दारं लावलेली. साहेबाला गाव स्वच्छ आणि शांत दिसावं म्हणून बी साउमूने सगळ्यांना आत कोंडलं होतं.

मिसेस पेट्रींचे गुडघे थरथरायला लागले. चौकट थरथरली तेव्हा म्वाकिओच्या लक्षात आलं.

"बी, या पडतील."

"दिसतंय मला."

"मागे नेऊ?"

"बत्तीस पावलं मागे? त्यांच्याकडे चार उरलीत."

"मी बोटीच्या डॉक्टरांना फोन करतो. चाकाची खुर्ची..."

"फोन खिशात ठेव," म्वानाकोंबो म्हणाली, "आणि त्यांच्या पाठीमागे उभा राहा. हात लावू नकोस, नुसता उभा राहा. मागे माणूस आहे एवढं कळलं की पाय टिकतात."

तो उभा राहिला. म्वानाकोंबोने काठी उलटी धरली आणि बी साउमूच्या दारावर मारली. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा.

"साउमू, दार उघड. पाहुणी दारात उभी आहे आणि तू आत बसून कसली सजावट करतेस? मी गल्ली दाखवायला आणलीय, कबरस्तान नाही."

आतून आवाज आला, "कट्ट्याला हात नको लावूस, ओला आहे. साहेब गेला का?"

"साहेब इथेच आहे, माझ्यामागे. त्याला म्हातारी झेलायला ठेवलंय."

दार किलकिलं झालं. बी साउमूने बाहेर बघितलं. मग मिसेस पेट्रींकडे बघितलं आणि तिचा हात तोंडावर गेला. "चटई आणते, थांबा, चटई..." आत धावपळ झाली. भांडं पडल्याचा आवाज आला.

चटई यायच्या आत मिसेस पेट्रींनी चौकटीचा ब्रेक लावला, वळल्या, हात मागे नेऊन कट्ट्याची कड चाचपली आणि ओल्या चुन्यात बसल्या. निळ्या स्कर्टसकट.

"मी चौऱ्याऐंशी वर्षांची आहे," त्या म्वानाकोंबोला म्हणाल्या. "माझ्या मागच्या बाजूकडे आता कोण बघतंय?"

म्वानाकोंबोने ते गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात आपल्या भाषेत सांगितलं. समोरच्या दारामागे कोणीतरी खुदकन हसलं. दुसरं दार उघडलं. म्वानाकोंबो मिसेस पेट्रींच्या शेजारी बसली, बुरख्यासारख्या काळ्या बुईबुईसकट. बी साउमू चटई हातात घेऊन बाहेर आली, तेव्हा तिच्या कट्ट्याचे दोन ठिकाणी बारा वाजलेले होते.

"तीन तास घातलेत मी त्या रंगात," ती म्हणाली.

"तुला कोणी सांगितलं होतं घालायला? काही करू नकोस म्हटलं होतं ना?"

"तुझ्या बिल्ल्यासाठीच केलं ना, मेले."

"माझ्या बिल्ल्यासाठी माझी पाहुणी उभ्या उभ्या मारत होतीस."

"आता काय, बसलीच आहे," बी साउमू म्हणाली आणि चटई खाली टाकून स्वतःही बसली. ती बसली म्हटल्यावर गल्लीला परवानगी मिळाली. दारं उघडत गेली. बायका भाजीची सुपं घेऊन आल्या, म्हातारे सोंगट्यांचा पट घेऊन. जो तो आपापल्या कट्ट्यावर बसला, आणि जो उठला त्याच्या मागे पांढरा छाप. त्यावरून जी चेष्टा चालू झाली ती थांबेना. कॉफीवाला पितळी पेले वाजवत वळणावरून आला आणि म्हणाला, "मला कोणी सांगितलंच नाही की उघडलंय म्हणून."

मिसेस पेट्रींच्या पायांची थरथर गेली. त्यांनी बी साउमूच्या सुपातली पालेभाजी पुढ्यात ओढली आणि निवडायला लागल्या. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. तरी देठ किती ठेवायचा यावरून वाद झाला.

*

बी साउमूच्या दारापासून रिक्षा एकोणतीस पावलांवर उभी होती. सगळी बंदराच्या फाटकाशी पोचली तेव्हा ठरलेल्या वेळेला पाऊण तास बाकी होता. मिसेस पेट्रींनी म्वानाकोंबोचा हात दोन्ही हातांत धरला आणि मागे चुन्याचा गोल घेऊन बोटीकडे निघाल्या.

म्वाकिओने पत्र्याच्या ऑफिसात फॉर्म पुढे ठेवला. 'पाहुण्याला झालेला त्रास' यापुढे त्याने 'नाही' लिहिलं होतं. 'चाललेलं अंतर' हा रकाना कोरा होता.

"बी, मी इथे एक किलोमीटर लिहितो," तो हळू आवाजात म्हणाला. "मी बरोबर होतो, मला कोण विचारणार? तुम्ही खाली सही करा. सोमवारी बिल्ला."

"किती चाललो आपण?"

तो पेनचं टोपण काढू-लावू लागला.

"तू मोजत होतास. मी ओठ हलताना बघितले."

"एकशे सत्तावीस पावलं."

"मग तेवढी लिही."

"वरून परत येईल हो. नियम आहे. मी तुमच्या भल्यासाठी सांगतोय."

"कळतंय रे बाबा. तू चांगला मुलगा आहेस," म्वानाकोंबो म्हणाली. "पण आज मी किलोमीटर चालले असं लिहिलंस, तर उद्या त्यांना वाटेल, बघा, ही म्हातारी चालू शकते, मग बाकीच्यांना काय धाड भरलीय. एकशे सत्तावीस पावलांत माझी सहल होते. तेच तर माझं काम आहे. ते खोटं लिहून मी सही कशावर करू?"

म्वाकिओने एकशे सत्तावीस लिहिलं, आणि अंकांत लिहिलेलं कोणी खोडेल म्हणून पुढे अक्षरांतही लिहिलं. तिने सही केली.

कागद दहा दिवसांनी परत आला. सातव्या नियमाप्रमाणे बिल्ला नामंजूर.

पुढची बोट लागली त्या सकाळी बी म्वानाकोंबो फाटकाबाहेर आली. पहारेकरी म्हणाला, "बी, आत सोडता येणार नाही."

"मी कुठे आत येतेय? रस्ता तुझ्या कंपनीने विकत घेतला असेल तर तसं सांग."

तो हसला आणि बाजूला झाला. शेबवानाने रिक्षा भिंतीच्या सावलीत लावली. तासाभरात आतून मोठ्या बसेस निघाल्या, एकामागून एक. तरणे वाटाडे खिडकीतून हात करून गेले, "बसकी सहल!" तिनेही काठी वर केली.

बसेस गेल्यावर यार्ड मोकळं झालं. तेव्हा लांब, बोटीच्या बाजूने, दोन काठ्यांवर एक म्हातारा येताना दिसला. तो दहा पावलं चालायचा आणि थांबायचा. त्याच्या शेजारी म्वाकिओ होता. म्हातारा थांबला की तोही थांबत होता, आणि मधेच फाटकाकडे हात करून काही सांगत होता.

"जाऊन आणू का त्यांना?" शेबवानाने विचारलं.

"नको," बी म्वानाकोंबो म्हणाली. "येऊ दे त्यांच्या पायांनी."